विकत घेतलेली गिऱ्हाइकं

चंद्रावतीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. तीस वर्षं उलटली तरी आम्ही दोघींनी ती रीत मोडली नाही. मी तेव्हा पनवेलच्या एका शाळेत क्लार्क म्हणून लागले होते. नुकतंच लग्न झालेलं, आणि आपल्याला मासे पारखता येतात असा माझा ठाम गैरसमज होता. बाजारात एका ओट्यावरचं पापलेट उचलून मी त्याचं पोट दाबून बघितलं, तशी समोरून आरोळी आली, "बाय, मासा हाय तो, पेरू नाय दाबून बगाला!"

आजूबाजूच्या सगळ्या कोळणी खो खो हसल्या. मी तणतणत निघाले, सगळा बाजार पालथा घातला आणि नाक मुठीत धरून पुन्हा तिच्याच ओट्यावर आले, कारण तिच्याइतका ताजा माल कुणाकडेच नव्हता. मला येताना पाहून तिने त्याच पापलेटाचा भाव वीस रुपयांनी वाढवला.

कोळीवाड्यातली ही बाई आता सत्तरीला टेकली आहे. नवरा काविळीने गेला तेव्हा निकेश, तिचा एकुलता एक, सहा वर्षांचा होता. तेव्हापासून ती या ओट्यावर बसते आहे. पहाटे उरणहून टेम्पो येतो, त्यातली चार-पाच खोकी ती स्वतः उघडून निवडते, आणि उजाडल्यावर कोयता घेऊन बसते ती माल संपेपर्यंत. निकेश आधी जासईला कंटेनरच्या ट्रेलरवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आणि आज त्याचे स्वतःचे नऊ ट्रेलर आहेत. पोरगा मेहनती आणि सरळ, आईवर जीव टाकणारा. त्याने तिला तीन मजली घर बांधून दिलं. काचेच्या कठड्याची बाल्कनी दिली, तिथे ती सुके बोंबील वाळत घालते. दोन दारांचा मोठा फ्रीज दिला, त्यात ती टोपलीसाठी बर्फ करते. पाय चेपून देणारी एक खुर्ची आणली, तिच्यावर शेजाऱ्यांचं मांजर झोपतं.

भाव करताना ही बाई बघावी. साडेसातशे सांगितले की मी तीनशे म्हणायचं. मग ती आकाशाकडे बघणार, "आज सकालीच कुनाचं तोंड बगितलं मी" असं विचारणार, माझ्या नवऱ्याच्या पगाराची चौकशी करणार. मी मग माशाचे कल्ले उचलून नाक मुरडायचं. पाचशेवर गाडी थांबायची आणि वर ती दोन मांदेल्या माझ्या पिशवीत टाकायची. आमच्या घरचे विनायकराव म्हणायचे, तुला मासे आणायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात मी गळ टाकून पकडून आणले असते. त्यांना काय कळणार! त्या पाऊण तासात माझं आठवडाभराचं साचलेलं सगळं निघून जायचं.

गौरी-गणपती आटोपून आठ-दहा दिवस झाले असतील. निकेश मिठाईचा डबा घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"काकू, तुमच्याकडे एक काम आहे. आईला कळता कामा नये."

डॉक्टरांनी चंद्रावतीला सांगितलं होतं, गुडघे झिजलेत, रक्तदाब वर जातोय, ओल्या दगडावर पाच-पाच तास बसणं बंद करा. ती ऐकत नव्हती. निकेशने रागावून, रडून, शपथा घालून पाहिलं. तिचं एकच पालुपद, "माल संपला का येतंय घरी. संपल्याबिगर कशी येऊ?"

"मग मी म्हटलं, मीच संपवतो," निकेश म्हणाला. "ऑफिसमधली माणसं पाठवतो, आई त्यांना ओळखत नाही. दोन-तीन मित्रांच्या घरून कुणी कुणी जाईल. सगळी वेगवेगळ्या वेळी. नऊ वाजता टोपली रिकामी, साडेनऊला आई घरी. तिला विकण्यात आनंद आहे ना काकू? मग विकू दे. बजेटचा प्रॉब्लेम नाही. फक्त तुम्हीही रोज थोडं जास्त घ्या. तुम्ही जुन्या, तुमच्यावर तिला संशय येणार नाही. पैसे मी पाठवतो."

मी छे छे म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणार तोच त्याने फोन काढला आणि माझा नंबर विचारला.

खोटं कशाला सांगू, फुकटचं पापलेट चवीला चांगलंच लागतं. लोक सांगतात तसं ते घशाखाली उतरत नाही वगैरे मला तरी काही जाणवलं नाही. आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस मासे शिजू लागले. विनायकराव दोन दिवस खाली मान घालून जेवले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पेन्शन वाढली का गं आपली?" मी म्हटलं, यंदा स्वस्त आहेत. त्यांनी आणखी एक तुकडी घेतली.

आणि चंद्रावती? तिला मी आयुष्यात इतकी खुशीत पाहिली नव्हती. नऊच्या आत टोपली रिकामी व्हायला लागली तशी बाई पाय पसरून बसायची, शेजारच्या ओट्यावरच्या गोदूबाईला चहा पाजायची आणि वर ऐकवायची, "गोदे, हात लागतो त्याला हात! तू नुस्ती बसून माश्या वार." गोदूबाई धुसफुसायची. या दोघी चाळीस वर्षं एकमेकींना शिव्या देत बसल्या आहेत, आणि एकीला ताप आला तर दुसरी तिचाही माल विकून पैसे घरी पोचवते. गुडघ्यांसाठी धरलेली काठी चंद्रावतीने टाकून दिली. ठेवणीतलं हिरवं लुगडं रोज नेसायला काढलं, अंबाड्यात अबोलीच्या फुलांचा वळेसर आला.

पण निकेशचा बेत फसला तो वेगळ्याच ठिकाणी. माल लवकर संपतोय म्हटल्यावर कुठली कोळीण घरी जाईल? चंद्रावतीने चाराची सात खोकी केली. निकेशने आणखी माणसं लावली. तिने सातावर दोन टोपल्या कोळंबी वाढवली. पहिल्यांदा साडेनऊला घरी जाणारी बाई आता पुन्हा साडेबाराला जायला लागली आणि तीही गाणं गुणगुणत. तिकडे जासईला ट्रेलरवरच्या ड्रायव्हरांना सकाळी मासे, संध्याकाळी मासे. त्यातल्या एकाने शेवटी हात जोडून डाळ मागितली म्हणे. निकेश मला फोन करून विचारायचा, "काकू, आईला आवरायचं कसं?" मी म्हणायचे, "अरे पण बघ ना, किती आनंदात आहे." तिच्या आनंदासाठीच मी हे करतेय असं मी मनाला सांगत होते. पापलेटांचा विषय मी त्यातून सोयीस्कर वगळत होते.

मग मार्गशीर्ष लागला.

मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे आमच्या मासळी बाजाराचा उपासच. घरोघरी महालक्ष्मीचा घट बसलेला असतो, आणि जिने घट मांडला नाही ती बाईसुद्धा त्या दिवशी लोक काय म्हणतील म्हणून मासे आणत नाही. बाजारात त्या दिवशी फक्त हॉटेलवाले आणि मोहल्ल्यातली गिऱ्हाइकं. कोळणी एखादं खोकं आणतात आणि गप्पा मारत बसतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. निकेश त्या आठवड्यात गुजरातला गेला होता, आणि त्याचा हिशेबनीस कुंदन जन्मात कधी मासा न खाल्लेला. त्याला गुरुवार काय आणि बुधवार काय! तो ठरल्याप्रमाणे आठ वाजता नाकाला रुमाल लावून आला, त्याच्या मागोमाग बाकीची मंडळी आली, आणि सगळ्या बाजारात एकट्या चंद्रावतीची टोपली नऊच्या आत साफ झाली.

गोदूबाईने मला नंतर सांगितलं, त्या दिवशी चंद्रावती हसली नाही. कुंदनच्या पिशवीत बोंबील टाकता टाकता तिने सहज विचारलं, "कसं करतव रं तुमी बोंबील?" कुंदन बिचारा रुमालातून म्हणाला, "कुकरमध्ये मावशी. कांदा-टोमॅटो घालायचा आणि चार शिट्ट्या."

ओल्या बोंबलाला चार शिट्ट्या! झाकण उघडल्यावर आत पाण्याशिवाय काही उरायचं नाही. चंद्रावतीने सुट्टे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

शुक्रवारी मी गेले. ओट्यावर एकच जिताडा होता, खाडीचा, दीड किलोच्या आत-बाहेरचा, डोळे चकचकीत. जिताडा म्हणजे पनवेलकरांचा जीव की प्राण. मी म्हटलं, "काय गं, कितीला?"

"तीन हजार," चंद्रावती म्हणाली.

तो मासा तेरा-चौदाशेच्या वर जाणारा नव्हता. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. पूर्वीची मी असते तर तिथेच कंबरेवर हात ठेवून तिच्या सात पिढ्यांना विचारलं असतं, तीन हजारांत मासा येतो की मासे धरायचा मचवा? पण गेले दोन-अडीच महिने पैसे माझे नव्हतेच. भाव करायला जीव तुटावा लागतो, दुसऱ्याच्या पैशावर तो कशाला तुटतो? तोंडच उघडलं नाही माझं. मी पर्समधून फोन काढला आणि म्हटलं, "स्कॅन करू का?"

चंद्रावतीने कोयता खाली ठेवला.

"वसुबाय," ती हळूच म्हणाली, "निकेश किती देतो तुला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी काहीतरी बरळले, तुझ्या गुडघ्यांसाठी, डॉक्टरांनी सांगितलंय, पोरगा किती काळजी करतो तुझी.

"गुडगा दुकला तं दुकू दे, माजा हाय तो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "पन मासली खपायची तवा मना वाटायचं, मी खपवली. त्ये बी माजंच होतं ना गो? त्ये कशाला नेलंत?"

तिने जिताडा बर्फात परत ठेवला, टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि ती उठून गेली. मी त्या ओट्यापुढे फोन हातात धरून उभी. गोदूबाईनेही माझ्याकडे पाठ फिरवली.

दोन दिवस ओटा रिकामा होता. तिसऱ्या दिवशी ती आली, पण आता हिरवं लुगडं नाही, अबोली नाही. समोर गिऱ्हाईक उभं राहिलं की पहिला प्रश्न, "कोनी धारला तुला?" म्हणजे कोणी पाठवलं. वीस-वीस वर्षांची जुनी माणसं, ती बिचारी चक्रावायची. कुणी भाव न करता घेतलं तर म्हणायची, हा निकेशचा. कुणी भाव केला तर म्हणायची, आता शिकवून पाठवतोय. एका डॉक्टरीणबाईंना तिने घेतलेली कोळंबी पिशवीतून परत काढून ठेवायला लावली. त्या तरातरा निघून गेल्या. टोपली भरून यायची आणि जवळजवळ तशीच परत जायची.

निकेश माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला. "काकू, त्याच दिवशी सगळं बंद केलंय. देवाशप्पथ सांगतो. आईपुढे ट्रेलरच्या चाव्या ठेवून सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. ताटसुद्धा वाढत नाही, बायकोला सांगते वाढायला. मी तिला काय कमी केलं, सांगा ना."

कमी काहीच केलं नव्हतं त्याने. पैशाने आणता येईल ते सगळं त्याने आईच्या घरात आणून ठेवलं, आणि मग उरलेली एकच गोष्ट, जी ती स्वतः रोज सकाळी मिळवून आणायची, तीही पैसे टाकून आणून दिली. तिथेच ती गोष्ट संपली. निकेशचं चुकलं, पण प्रेमापोटी चुकलं. माझ्या चुकीत तेवढंही प्रेम नव्हतं, सुरमई होती. ही लाज मला अजून वाटते.

मग एके दुपारी चक्क गोदूबाई माझ्या दारात. डोळे सुजलेले. चंद्रावतीने तिला सांगितलं होतं, मार्गशीर्ष संपला की माझा कोपऱ्याचा ओटा तू घे, मी नाय बसायची आता. त्या कोपऱ्याच्या ओट्यावर गोदूबाईचा वीस वर्षं डोळा. सगळ्या बाजाराला ते माहीत आहे. आणि तीच पदराला नाक पुसत म्हणाली, "मना नको तिचा ओटा. मना शिव्या द्याला ती पायजे."

म्हणून रविवारी मी गेले. काय बोलायचं ते घरून ठरवून नेलं होतं, ओट्यापुढे उभी राहिल्यावर त्यातला एक शब्द आठवेना. "चुकलं गं माझं," एवढंच म्हटलं.

"तुला मासली नाय," ती म्हणाली.

"नको देऊ. बसू तरी दे."

मी तिच्या मागे एक रिकामं खोकं उपडं घातलं आणि त्यावर बसले. माशांचं पाणी चपलेत शिरत होतं. इतकी वर्षं मी ओट्याच्या त्या बाजूने भांडले, या बाजूला बसून गिऱ्हाइकांची तोंडं कधी पाहिली नव्हती. दोघंजण आले, "कोनी धारला" ऐकून निघून गेले. बारा वाजत आले होते.

तेवढ्यात एक बाई आली. नव्या टॉवरमधली असावी, पायात पळायचे बूट, डोक्यावर गॉगल, कानात फोनचं ते बोंडूक. सुरमईकडे बोट दाखवून म्हणाली, "ही कशी दिली?"

"कोनी धारला तुला?"

"काय? मला कोण पाठवणार? मी काय कुरिअर आहे का?"

चंद्रावतीने तिच्याकडे खालपासून वर पाहिलं आणि भाव सांगितला. बाजारभावच सांगितला.

"एवढी महाग? मावशी, ॲपवर याच्यापेक्षा स्वस्त मिळते. कापून, धुऊन, घरपोच. आणि तिथे कोणी असे उलटसुलट प्रश्न विचारत नाही." तिने वाकून मासा हुंगला. "ताजी पण नाही वाटत."

ताजी नाही! चंद्रावतीच्या माशाला! मी खोक्यावरून अर्धी उठलेच. तोवर ती बाई दोन पावलं बाजूला सरकून गोदूबाईपुढे उभी राहिली, आणि तिने गोदूबाईची सुरमई घेतली सुद्धा. कोयता चालवता चालवता गोदूबाई चंद्रावतीकडे चोरून बघत होती, की आता काय होतंय.

चंद्रावती त्या बाईच्या पाठीकडे बघत होती. ती बाई पिशवी हलवत बाजाराच्या दारातून बाहेर पडली. मग मला चंद्रावतीची पाठ हलताना दिसली. मला वाटलं, रडते आहे. मी खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले तर बाई हसत होती. आधी बिनआवाजाची, मग फुटलीच.

"गोदे! अगो ती निकेशची नाय!"

"काय बोलतंस?"

"निकेशची असती तं घेतली असती गो! नावं ठेवून गेली! माज्या मासलीला वास घेऊन गेली!" तिने हसता हसता माझ्या मांडीवर सणसणीत थाप मारली, मग आठवण झाल्यासारखा हात मागे घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पदराने पुसून ती उभी राहिली आणि दाराच्या दिशेने अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "ओ म्याडम! गोदीची सुरमई परवाची हाय!"

"तुज्या तोंडात पडो कोलसा!" गोदूबाई कोयता उगारून किंचाळली, आणि इतकं खूश होऊन कोणी कोणाला शिवी दिलेली मी आजवर पाहिली नाही.

त्या दिवशी चंद्रावतीचा जवळजवळ काहीच माल गेला नाही. मलाही तिने मासे दिले नाहीत, आणि अजूनही देत नाही. मी गोदूबाईकडून घेते आणि शेजारून टोमणे ऐकते.

संध्याकाळी जासईहून निकेशचा फोन आला. घाबरतच विचारलं, "काकू, आज आईचं किती खपलं?"

"काही नाही रे. टोपली भरलेलीच गेली घरी."

तो म्हणाला, "तिने आत्ता फोन केला होता. म्हणाली, सुरमई इकली नाय, तर ती केलीय. जेवायला ये, मी वाढतंय."

मी म्हटलं, "मग फोन कशाला करत बसलास? जा की."